मागच्या भिंतीवर सगळं ठीक आहे

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. उन्हानं पिवळा पडलेला, पावसानं कडांना हिरवट झालेला. एका रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, मी कित्येक वर्षं टांगलेला आहे. दमलोय आता. पण घटकाभर टेकायची सोय माझ्या नशिबी नाही, तेव्हा टांगल्या टांगल्याच माझी कहाणी सांगतो.

कारखान्यात एका बाईनं माझ्या पोटात दोन डोळे बसवले, एक वरचा आणि एक खालचा. अंगाची ऊब हलताना दोघांनाही दिसली तर माणूस. एकट्या खालच्याला दिसली तर मांजर, आणि मांजरासाठी मी तोंड उघडत नाही. मला वायर नाही. ऑफिसातल्या पेटीला मी हवेतूनच निरोप धाडतो, मग ती भोंगा वाजवते. काही घडलं नाही तरी अधूनमधून ‘मी आहे, सगळं ठीक आहे’ असं कळवत राहायचं, ही माझी हजेरी. सगळ्यात शेवटी त्या बाईनं माझ्या पाठीला एक बारीक स्प्रिंगचं बटण लावलं. मी भिंतीला टेकलेला असलो की ते दाबलेलं राहतं. रोपवाटिका उघडी असताना माणसं हिंडली तरी मी गप्प असतो, पण कुणी मला उपटलं की ते सुटतं आणि मी भर दिवसासुद्धा बोंब ठोकतो. राखणदाराचीही राखण करावी लागते मित्रांनो, ती ही अशी.

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना सगळे आत्याबाई म्हणत. खऱ्या आत्या त्या एका भाच्याच्याच, पण त्यांचा आवाज जगाच्या आत्यासारखा होता. माझ्या समोरच्या फळीवर त्यांची बुटकी झाडं होती. ताटलीएवढ्या कुंड्यांत वाढलेली, म्हाताऱ्या बुंध्यांची. त्यांनी ती तरुणपणापासून जपली होती. लोक ती पाहायला लांबून येत, तोंडात बोटं घालत, आणि जाताना माझ्याकडेही बघत. “याची नजर आहे बरं का झाडांवर,” असं आत्याबाई तेव्हा कौतुकानं सांगायच्या.

पुढच्या फाटकावर राखणदार काका बसत. रोज संध्याकाळी ते घडीचं स्टूल घेऊन मागे यायचे, मऊ फडक्यानं माझं तोंड पुसायचे, कोळ्याचं जाळं काढायचे आणि समोर हात हलवून विचारायचे, “काय रे, जागा आहेस ना?” मी लाल दिवा लावायचो. “शाब्बास! आपण दोघंच इथे इमानदार,” म्हणून ते हसायचे. माझ्या आयुष्यातल्या तेवढ्याच काय त्या गप्पागोष्टी.

पुढे भिंतीला ओल आली. गिलावा भुसभुशीत झाला आणि माझे स्क्रू हलू लागले. वारा आला की मी डुगडुगायचो, बटण सुटायचं, भोंगा वाजायचा. नेमकं दुपारी, दोन तास रोपवाटिका बंद असताना आणि आत्याबाईंचा डोळा लागला असताना. मी खोटं बोलत नव्हतो हो! मी खरोखरच भिंतीवरून सुटत चाललो होतो.

“अरे, त्याचं तोंड बंद कर बाबा एकदाचं,” आत्याबाई भाच्यावर खेकसल्या.

काका म्हणाले, “गवंड्याला बोलावू या का? भिंत सैल झालीय.” पण त्यांचं कोण ऐकतो? भाच्यानं मला काढलं, पाठीच्या बटणावर बांबूची काडी दाबून ठेवली, वरून कलम बांधायची हिरवी पट्टी गुंडाळली आणि त्याच भुसभुशीत भोकांत मला परत अडकवलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! त्या दिवसापासून मी भिंतीवर आहे की नाही, हे माझं मलाच कळेनासं झालं.

एके दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक आलं. रोपं बघत बघत मागे आलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं मला सहज उपटलं आणि वेलीच्या आडोशाला एका रिकाम्या कुंडीत उपडं टाकलं. दुपारी, सगळं बंद असताना, तेच गिऱ्हाईक मागच्या बाजूच्या कुंपणावरून परत आलं आणि फळी रिकामी करून गेलं. मी कुंडीच्या तळाकडे तोंड करून पेटीला कळवत होतो, ‘मी आहे, सगळं ठीक आहे.’

फळी पाहून आत्याबाई तडक फाटकाकडे गेल्या. त्यांचा चढलेला आवाज मला कुंडीतही ऐकू येत होता.

“पेटी म्हणते मागून कुणी आलंच नाही. म्हणजे माझी झाडं तुमच्या नाकासमोरून गेली. झोपला असाल, नाहीतर सामील असाल!”

“आत्याबाई, एकदा मागची भिंत बघून येऊ द्या मला.”

“काही बघायला नको. पेटी खोटं बोलत नाही. तुम्ही निघा.”

काका निघाले. स्टूलही न घेता. माझ्या साक्षीवर एका भल्या माणसाला चोर ठरवलं गेलं, आणि मला ‘थांबा’ एवढंही म्हणता येईना. भिंतीवर मी नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याकडे रोज बघणारा एकच माणूस होता, त्यालाच हाकललं होतं.

बऱ्याच दिवसांनी आत्याबाईंनी माती भरायला ती कुंडी उचलली. मी हातात आलो. त्यांनी मला उलटं केलं आणि त्यांचा हात थबकला. पट्टीचं टोक शेवटच्या वेढ्याखाली आत खोचलेलं होतं. कलम असं बांधायला त्यांनीच भाच्याला शिकवलं होतं. दुसरं कुणी असं बांधत नाही.

“हे तू केलंस?”

भाचा चाचरत म्हणाला, “आत्या, तूच म्हणालीस ना, तोंड बंद कर त्याचं.”

आत्याबाईंनी ती पट्टी स्वतःच्या हातानं सोडली.

गवंडी आला, भिंत पक्की झाली, मी जागेवर गेलो. आत्याबाई स्वतः जाऊन काकांना घेऊन आल्या. सगळ्या कामकऱ्यांना गोळा करून त्या म्हणाल्या, “चूक माझी होती. काकांची काडीची चूक नव्हती.” मग हळूच, “काका, परत या.”

काका म्हणाले, “राग नाही आत्याबाई. पण आता त्या फाटकावर बसलो, तर आपल्यावरच पहारा आहे असं वाटत राहील.” त्यांनी स्टूल उचललं. माझ्यापाशी आले, तोंड पुसलं, हात हलवला. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून दिवा लावला. ते फडकं माझ्याखालच्या खिळ्याला अडकवून ते गेले.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणी सारखी कुरकुर करत असेल, तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याच्या पाठीमागची भिंत हलवून बघा. आणि आमच्यासारख्यांचं तोंड अधूनमधून पुसत जा.

फळी अजून रिकामीच आहे. रोज संध्याकाळी आत्याबाई येतात, खिळ्यावरचं फडकं घेतात, माझे डोळे पुसतात आणि थकल्या आवाजात विचारतात, “जागा आहेस ना?” मी दिवा लावतो. पण ‘जागे होतात ना?’ एवढं त्यांनी त्या दुपारी काकांना विचारायला हवं होतं.