व्याह्यांची ओळ

मुकादम शनिवारी सकाळी आठलाच लेकीच्या घरी हजर झाले. पिशवीत खुरपं आणि बियाण्याचा लसूण, आणि कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते सगळं डोक्यात पक्कं. शहरातल्या सार्वजनिक बागेत तीस वर्षं माळ्यांवर मुकादमी केलेला माणूस; निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बायकोसुद्धा त्यांना मुकादमच म्हणते. पानगळ सुरू झाली की एक शनिवार-रविवार लेकीच्या परसातली लावणी करायची, हा त्यांचा हक्क होता. निदान त्यांची तशी समजूत होती.

परसात जाऊन पाहतात तो काय, वाफे खणून तयार! आणि मधोमध गुडघ्यांखाली उशी घेऊन व्याही बसलेले.

व्याही पेशाने टेलर. नजर अधू झाली तसं दुकान बंद करून पाच महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला आले होते. दुकान सुटलं तरी गळ्यातली टेप काही सुटली नव्हती. दोरा ताणून त्यांनी ओळी आखल्या होत्या आणि दर सहा इंचांवर टेप लावून ते मातीत काडी रोवत होते. मुकादमांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर पँटी आखूड केल्या, आणि आता हा माणूस मातीची मापं घेणार!

"या या, व्याहीबुवा!" टेलर म्हणाले. "म्हटलं, तुम्ही येईपर्यंत थोडी तयारी करून ठेवावी."

"थोडी? सगळं उरकलंत की. मला काय नुसतं चहाला बोलावलंय?"

टेलर हसले. त्यांना वाटलं, व्याही गंमत करतायत.

दिवसभर मुकादमांचे कान लेकीकडे होते. सासऱ्यांना म्हणायची, "अण्णा, उन्हात बसू नका हं." "अण्णा, पाठीला उशी देऊ का?" आणि सख्ख्या बापाला काय, तर "बाबा, चिखलाच्या चपला आत आणू नकोस!" चहाचा पहिला कपही अण्णांना. रात्रीच्या जेवणात तर तिने कहर केला. म्हणाली, "अण्णांमुळे वाफे किती सरळ झालेत, नाही?" मुकादमांनी घास पुन्हा ताटात ठेवला. खरं सांगायचं तर ते जळत होते, आणि आपण जळतोय हे कळत होतं म्हणून आणखीच जळत होते. पुढच्या वर्षी पानं गळायला लागतील आणि लेकीचा फोनच येणार नाही, ही धास्ती काही केल्या मनातून जाईना.

रविवारी दुपारी जेवून सगळे लवंडले. मुकादम तेवढे परसात आले. काल लावलेल्या लसणाच्या वाफ्यात दोऱ्याला लागून एक ओळ इतकी नेटकी होती, की ती टेलरची हे सांगायला नको. लसणाची पाकळी लावतात शेंडा वर करून. उलटी लावली तरी उगवते, पण उशिरा आणि वाकडी, आणि गड्डा धरतो तो एवढासा. हे मुकादमांना ठाऊक नसेल तर कोणाला? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुरप्याने पहिली पाकळी वर काढली आणि शेंडा खाली करून पुन्हा पुरली. मग दुसरी. हाताखालच्या कोणी असला उद्योग केला असता तर त्यांनी त्याला बागेत उभं केलं नसतं. अकरावी पुरून हात झटकतात तोच मागून आवाज आला.

"बाबा, माझी ओळ का उकरतोयस?"

मुकादम जागच्या जागी थिजले. "तुझी?"

"अण्णांची पलीकडची. ही काल मी लावली, तू आंघोळीला गेलास तेव्हा." तिने वाकून बोटाने माती बाजूला केली. पाकळीचा शेंडा खाली. तिचा चेहरा पडला. "म्हणजे अशी लावायची असते? मी सगळ्याच चुकवल्या?"

नाही म्हणावं तर अब्रू जात होती. मुकादम नुसते "हं" म्हणाले.

"अण्णा!" लेकीने घराकडे तोंड करून हाक मारली. "घोळ झालाय! सगळा लसूण उलटा लावलाय आपण. बाबाने आत्ता दाखवलं."

टेलर डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी ना शंका काढली ना वाद घातला. "व्याहीबुवा म्हणतायत ना, मग झालं. आपल्याला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणून त्यांनी दुखरे गुडघे टेकले आणि आपल्या ओळीतली पहिली पाकळी उपटली, टेपने खोली मोजून शेंडा खाली करून पुरली. मग दुसरी. मग तिसरी.

चौथीला मुकादमांना राहवेना. "थांबा हो! बरोबरच होत्या. शेंडा वरच पाहिजे. मी उलटवल्या."

"का?" लेकीने विचारलं.

"मला वाटलं, यांची ओळ आहे."

लेक अशी काही भडकली! "बाबा, लाज नाही वाटत तुला? साठी उलटली तुझी! 'व्याहीबुवांना आवडेल ना?' करत ते आठवडाभर टेप लावतायत, आणि तू त्यांची ओळ नासवतोस? कालपासून तोंड फुगवून बसलायस, मला काय दिसत नाही? किती उलटवल्यास?"

"अकरा."

"सगळ्या सरळ कर. आत्ता. मी इथून हलणार नाही!"

मुकादम मान खाली घालून उकरू लागले. व्याह्यांदेखत ही शोभा! कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. टेलर आपल्या पाकळ्या सरळ करत करत त्यांच्याजवळ सरकले.

"व्याहीबुवा," ते अगदी हळू म्हणाले, "पाच महिने झाले मला या घरात. एकदासुद्धा अशी ओरडली नाही हो माझ्यावर."

चेष्टा करत असतील म्हणून मुकादमांनी वर पाहिलं. चेष्टा नव्हती. टेलर सरळसरळ जळत होते.

"बाबा, इकडेतिकडे काय बघतोस? अजून सात राहिल्यात!" लेक पुन्हा ओरडली.

"करतोय गं," म्हणत मुकादमांनी पाचवी पाकळी उकरायला घेतली, जरा सावकाशच.