शोभाबाईची सुयांची बाहुली

सुरतेजवळ भेस्तानला आमची चाळ लूमवाल्यांची, कापड विणणाऱ्यांची. सगळे खान्देशचे. सुट्टीला शेजारचा गजेंद्र ओट्यावर बसून चित्रांचं एक पुस्तक वाचून दाखवायचा, रद्दीतून आणलेलं. जुनं, विलायतचं, कोणीतरी हिंदीत केलेलं. त्यात हॅटवाले दोन जासूस अन् एक वूडूवाला मांत्रिक. मांत्रिक चिंध्यांच्या बाहुलीत सुई खुपसे, की तिकडं माणूस आडवा.

त्याच आठवड्यात चाळीतल्या धुडकूचं पोट धरलं. अन् कोणीतरी पाहिलं, शोभाबाईच्या खिडकीत चिंध्यांची बाहुली, अंगभर सुया. झालं, करणी तिचीच, असं चाळभर झालं.

शोभाबाई चाळीत नवी. नवरा नाही, दोन लेकरं, साड्यांना टिकल्या लावून पोट भरायची. ती सांगे, "अहो, खोली एवढीशी. लेकरं खाली निजतात, सुई पडली तं पायात जाईल. म्हणून बाहुलीत टोचून ठेवते." पण ऐकतो कोण? चाळीचा मुकादम म्हणाला, सांजपर्यंत खोली खाली कर. बिचारीनं बोचकं बांधलं.

तेवढ्यात माझी बायको प्रमिला पदर खोचून आली. तिला अक्षर येत नाही, पण त्या पुस्तकातली चित्रं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलेली.

"जासूस आधी पारख करतात," ती म्हणाली. "इथं कोणी केली? धुडकूभाऊ, भिंतीकडं तोंड करा. मी बाहुलीला सुई टोचते, कोठे दुखस ते सांगा."

धुडकू वळला. प्रमिलानं ओठांवर बोट ठेवलं, आमच्यासमोर एकेक सुई काढली अन् बोचक्यात खोचली. मग म्हणाली, "टोचली."

"ओ माय," धुडकू कण्हला, "डावा पाय गेला."

"वळा आता."

तिच्या हातात बिनसुईची बाहुली. पहिली हसली धुडकूचीच बायको. "पाय कुठला? पोट धरलं त्या दिवशी डाळीचा शिळा लोचो एकट्यानं संपवला, घरात कोणाला घास दिला नाही."

मुकादम मागं हटेना. "ते ठीक आहे वहिनी, पण लोकांना भीती वाटते."

"ज्याला वाटते त्यानं खोली खाली करावी," प्रमिला म्हणाली. तिनं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं अन् शोभाबाईच्या खोलीत नेऊन उतरवलं. मुकादम निघून गेला.

पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला जमली होती. मला कोणी काही विचारलं नाही. तरी मी एकेकाला धरून सांगत होतो, ती माझी बायको आहे.