आठाचे चोवीस

बिजाटोल्याच्या कपात खेळायला मिळणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याच्याशी तुलसीराम मडावी बोलतच नसे. सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून हे गाव, आणि पंचक्रोशीत त्याची ओळख एकच, फुटबॉलचा कप. आठ टीमा, फक्त आठ. आपापल्या भागातली स्पर्धा जिंकून यायचं, नाहीतर घरी बसायचं. १९९९ला सुरू झाला तेव्हा कप दोन राज्यांचा होता, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश. पुढच्याच वर्षी छत्तीसगड वेगळं झालं आणि एकही टीम न वाढवता कप तीन राज्यांचा झाला. वीस वर्षांत झाली ती एवढीच वाढ, आणि तीही सरकारने केली, कमिटीने नाही.

नियम घरच्यांनाही तोच. बिजाटोल्याची टीम बिजाटोल्याच्या कपात एकदाही खेळली नव्हती, कारण आपल्या भागातली देवरीची स्पर्धा तिने कधी जिंकलीच नव्हती. हसा आता. बाहेरगावचे लोक हसायचेच. पण तुलसीरामला त्याचाच अभिमान होता. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो फडीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, मुनशी, बाकी वर्षभर जंगलातली रोजंदारी, आणि उरलेला सगळा जीव फुटबॉलवर. धान कापून झालं की गावाबाहेरच्या मोठ्या शेतात मैदान करायचं. तिथं तुलसीराम आठवडाभर उकिडवा बसून धसकटं उपटायचा. कापलेल्या धानाची ती बुडखं सुईसारखी टोकदार, आणि अर्धी पोरं अनवाणी खेळणारी. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या पायांसाठी ते शेत साफ केलं, चुन्याच्या रेषा मारल्या आणि रेषेबाहेर उभा राहिला.

आणि २०१९च्या दसऱ्याला देवरीची स्पर्धा त्याच्या पोरांनी जिंकली. कप्तान धनेंद्र, तुलसीरामच्या बहिणीचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, म्हणून मामाच्याच घरी वाढलेला. दोन वर्षं तुलसीरामने त्या पोरांना पहाटे चारला उठवून रेल्वे फाटकापर्यंत पळवलं होतं. त्याची बायको रामकली म्हणायची, "पोट्ट्यायचा जीव घेता का तुमी?" देवरीहून ट्रॉफी टेम्पोत बसून आली, तेव्हा तीच रामकली आरतीचं ताट घेऊन रस्त्यावर उभी. तुलसीराम त्या दिवशी कोणाशी बोलला नाही. बोलला असता तर रडला असता, दुसरं काही नाही.

इथवर सगळं चांगलं होतं. आता घाण सांगतो.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, आणि शाळेच्या व्हरांड्यात कमिटी बसली. सेक्रेटरी दुर्गेश कटरे. ठेकेदारीत वर आलेला, पांढरे कपडे घालायला लागलेला, पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेला. बिजाटोल्यात एक रीत आहे. बैठकीत नारळ फोडायचा आणि प्रसाद वाटायचा. ज्याने प्रसाद खाल्ला त्याने ठराव मान्य केला. मागाहून कुरकुर करायची नाही, केली तर देवाला खोटं पाडलं असं मानतात. नारळ फुटतो तो अर्थातच शेवटी, सगळं बोलणं झाल्यावर. त्या दिवशी दुर्गेशने आल्या आल्याच फोडला.

"आपली टीम पयल्यांदा कपात आली, काका. आधी देवाले मान देऊ," तो म्हणाला.

तुलसीरामचा ऊर भरून आला. खोबऱ्याचा तुकडा त्याने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. प्रसादाला नको म्हणायची अक्कल आमच्या भागात कोणाला शिकवलेलीच नाही.

तो चावून व्हायच्या आत दुर्गेशने मोबाइल काढला. "हे पाहा. दुनियेतल्या क्लबांचा कप आहे ना, सगळ्या चॅम्पियनचा? सात टीमांचा होता. फिफा आता त्याचा चोवीसचा करून राहिली. मंग आपणच काऊन आठावर अडून बसायचं? आपलाही कप यंदा चोवीसचा."

"आठ टीमा जिंकून येतेत," तुलसीराम म्हणाला. "बाकीच्या सोळा कायच्या भरवशावर येतीन?"

"आपण बोलावू ना. ज्याच्यानं कप मोठा होते, त्याले जागा."

"असं असन तं माहा विरोध आहे. लिहून घे."

दुर्गेश हसला. इतकं गोड हसला की बघणाऱ्याला मळमळावं. "काका, प्रसाद तं खाऊन बसले तुमी."

घनश्याम गुरुजींनीच हा कप सुरू केला होता. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. तुलसीरामच्या तोंडात खोबऱ्याचा चोथा होता. थुंकता येईना आणि गिळवेना. शेवटी गिळला, आणि स्वतःच्या बावळटपणावर दात खात चहा न घेताच घरी निघून आला.

मग काय एकेक टीमा आल्या! मांडव ज्याने दिला त्याची एक. डीजे ज्याने दिला त्याची एक. वीटभट्टीवाल्याची एक, तिच्यात दहाच खेळाडू आणि अकरावा त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. गोंदियाहून 'दादा मित्र मंडळ' आलं; बक्षिसं द्यायला येणाऱ्या पुढाऱ्याच्या भाच्याची ही टीम, अंगात सगळ्यांच्या नवे कोरे टी-शर्ट आणि छातीवर मामासाहेबांचा फोटो. यांनी आयुष्यात काय जिंकलं होतं विचारा. काही नाही. मांडवावर मात्र फलक लागला, 'तीन राज्यांतील चोवीस चॅम्पियन'. तो वाचून तुलसीरामच्या डोक्यात तिडीक गेली.

पूर्वी आठ टीमा गावातल्या आठ घरी उतरायच्या, घरचं जेवायच्या. आता चोवीस टीमांना कोण पुरणार? शाळेमागे पंगती बसल्या, थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा ढीग पडला, त्यावर कुत्री, डुकरं आणि माश्या. वास थेट मैदानापर्यंत. एवढ्या टीमा चार दिवसांत बसवायच्या म्हणून सामना वीस मिनिटांचा केला, आणि बरोबरी झाली की नाणं उडवायचं. नाणं उडवायला मित्र मंडळाचाच एक जण, कारण नाणं म्हणे त्याच्याकडे होतं.

मध्य प्रदेशातल्या बैहरची टीम मात्र जुन्या सवयीने तुलसीरामच्याच घरी उतरली. चार वेळा कप नेलेली माणसं. त्यांचे वस्ताद सेवकराम, साठीचे, रामकलीच्या हातच्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचे भक्त. अंगणात बसता बसता म्हणाले, "तुलसी, इस बार तेरे बच्चे खेल रहे हैं. इसीलिए दो दिन पहले आ गया." तुलसीरामला बरं वाटलं. एवढ्या उकिरड्यात एका माणसाला तरी त्या जागेची किंमत कळत होती.

ते बरं वाटणंही स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी संपलं. सामने वाढले म्हणून दुर्गेशने शेजारच्या शेतात दुसरं मैदान काढलं होतं. ट्रॅक्टर फिरवला, रोलर फिरवला, झालं मैदान. धसकटं तशीच मातीत दबलेली. बैहरचा पहिलाच सामना त्यावर. त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा अनवाणी धावता धावता खाली बसला. तळव्यात बोटभर धसकट घुसलं होतं. तुलसीरामने स्वतः ते ओढून काढलं. वरती डीजे जोरात चालू, आणि माइकवरचा माणूस ओरडत होता, "खेल रुकना नहीं चाहिए."

बैहरवाल्यांनी सामना अर्धवट टाकला आणि सामान बांधलं. निघताना सेवकराम म्हणाले, "चोट लगती रहती है, तुलसी. पर ये मैदान तेरा बनाया हुआ नहीं है. हम अब नहीं आएंगे." तुलसीरामला वर मान करून बघवेना. प्रसाद आपणही खाल्ला होता, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

बिजाटोल्याची पोरं मात्र जिंकत गेली. डीजेवाल्यांना सहा गोल, वीटभट्टीला चार. त्यात जिंकण्यासारखं काय होतं म्हणा. उपांत्य सामन्याला समोर आलं दादा मित्र मंडळ.

त्या सकाळी दुर्गेश तुलसीरामच्या अंगणात आला. खुर्चीवर नीट टेकला नाही तोच बोलू लागला. "काका, साहेब फायनल पाहाले येऊन राहिले. भाचा फायनलमंधी पायजे. तुमी समजदार आहा. याच्या बदल्यात बिजाटोल्याले कायमची जागा. मंग देवरीले जिंका का हरा, दरसाल कपात."

"वीस वर्षं आमी रेषेच्या बाहेर उभे राह्यलो," तुलसीराम म्हणाला. "ते काय भीक मागाले? चालता हो माह्या आंगणातून."

दुर्गेशला राग आला नाही. "ठीक आहे, काका," म्हणत तो गेला. तिथंच खरं तर तुलसीरामला शंका यायला हवी होती. आली नाही. पोरांना त्याने काही सांगितलंही नाही. आपल्या पोरांना असलं काही सांगावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सामना सुरू झाला. मित्र मंडळाला चेंडू धड अडवता येत नव्हता. तरी बिजाटोल्याचा गोल होईना. धनेंद्र मागे राहून सांभाळायचा. देवरीत त्याने एकालाही पुढे जाऊ दिलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला तो भाचा, पोट सुटलेला, धापा टाकत चेंडू घेऊन निघाला. धनेंद्र त्याच्या समोर होता. आणि धनेंद्र बाजूला झाला. पाय घसरल्याचं नाटक नाही, काही नाही. वाटेतून म्हैस जाताना माणूस सरकतो तसा सरकला. गोल झाला. मांडवात फटाके लागले.

पाणी प्यायला पोरं झाडाखाली आली तेव्हा तुलसीराम तिथं उभा होता.

"काऊन सरकला बे?"

बाकीची पोरं इकडेतिकडे पाहू लागली. धनेंद्रने नजर चुकवली नाही. "दुर्गेशभाऊ कालच भेटले आमाले. कायमची जागा देऊन राहिले, मामा. दरसाल."

"आपल्याले जागा होती. आपण जिंकून आलतो."

"हाव. आन् ते डीजेवाले न जिंकता आले. आमी बी त्यायच्याच संग पंगतीत बसून राहिलो." पोरगा उद्धटपणे बोलत नव्हता. खरंच विचारत होता. "देवरीले हरलो असतो तरी आपण इथंच असतो ना, मामा? मंग दोन वर्षं कायले दौडवलं आमाले?"

तुलसीरामने तोंड उघडलं. दुर्गेशला द्यायच्या शिव्या त्याच्याकडे ढिगाने होत्या, मित्र मंडळाच्या नावाने थुंकायलाही तो कमी पडला नसता. पण समोर ज्याला त्याने स्वतःच्या हाताने भरवलं होतं तो पोरगा उभा होता, वाट बघत. आणि वाईट म्हणजे पोरगा बरोबर बोलत होता. माइकवर कायमची जागा मिळाल्याबद्दल बिजाटोल्याच्या टीमचं अभिनंदन चाललं होतं. धनेंद्रने पाण्याची बाटली दुसऱ्याला दिली आणि तो सत्कार घ्यायला मांडवाकडे गेला.