डुगडुगत्या टोकाची जागा

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसता येत नाही. बाकाने असं म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल, कारण लोक माझ्याकडे येतात ते स्वस्थ बसायलाच. पण माझ्या चार पायांपैकी एक पाय बोटभर आखूड आहे. माझ्यावर बसून कोणी नुसतं खोकलं तरी मी हलतो. हॉकीच्या मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, तीस वर्षं मी असाच डुगडुगत उभा आहे.

हा पाय आखूड कसा राहिला ते आधी सांगतो. मला एका सुताराने घडवलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि या मैदानावर त्याच्याइतका वेगवान खेळाडू दुसरा नव्हता. संघाने त्याला सांगितलं होतं, सामन्याच्या आधी बसायला एक बाक करून दे. त्याला पंधरा दिवस मिळाले होते. त्याने मला करायला घेतलं ते सामन्याच्या दिवशी सकाळी. तीन पाय त्याने नीट मापून कापले. चौथ्या पायावर करवत चालू असताना मैदानावरची शिट्टी ऐकू आली. त्याने अंदाजाने करवत ओढली, पाय ठोकला, मला डोक्यावर घेतलं आणि धावत सुटला. पोचला तेव्हा त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरला होता. तो सामना त्याने माझ्यावर बसून पाहिला. माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. तो रागाने गुडघा हलवत होता आणि त्याच्याखाली मी हलत होतो.

पुढच्या मोसमात त्याला संघातून वगळलं. "खेळ चांगला आहे, पण भरवसा नाही," एवढंच कारण दिलं. त्यानंतर तो कोणत्याच संघातून खेळला नाही. वीस वर्षांनी इथे बायकामुलींचा संघ उभा राहिला, तेव्हा केस पिकलेला तोच सुतार शिकवायला आला. आता सगळ्या त्यांना सुतारकाका म्हणतात. आल्या दिवशी त्यांनी मला हात लावून हलवून पाहिलं आणि म्हणाले, "उद्या बघतो याच्याकडे." त्या उद्याला आता दहा वर्षं झाली.

माझ्या खोडीचा या संघाने एक नियम करून टाकला. सरावाला उशिरा येईल तिने आखूड पायाच्या टोकाला बसायचं. तिथे बसलं की सारखं हिंदकळायला होतं, पाण्याचा घोट नाकात जातो आणि बाकीच्या हसतात. दंड एवढाच. पण जाणत्या बायकाही तो चुकवायला धावत यायच्या.

हा नियम सगळ्यात कडक पाळायच्या त्या टेलरताई. शिवणाचं दुकान बंद करून त्या सरावाच्या अर्धा तास आधी हजर असत. दहा वर्षांत त्यांचा एकही सराव चुकला नाही. बचावाला खेळायच्या. पाय आता मंदावले होते, पण चेंडू गोळा करणं, स्टिकना टेप गुंडाळणं, कोणाचा मोजा फाटला तर तिथल्या तिथे टाका घालणं, ही सगळी कामं त्यांची. त्या कायम माझ्या भक्कम टोकाला बसत. माझी थोडी काळजी कोणी घेतली असेल तर त्यांनीच. महत्त्वाचं काही लिहायचं असलं की त्या कागदाची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सारत, म्हणजे लिहिणारीचा हात हलू नये. लिहून झालं की घडी आठवणीने काढून घेत. "शिक्षेची जागा आहे ती," त्या म्हणायच्या. "आरामाची नाही करायची."

अक्षरं मला उशिरा कळायला लागली, मित्रांनो. कप्तान माझ्या फळीवर कागद ठेवून दाबून लिहायची. प्रत्येक नावाचा दाब वेगळा. दर मोसमाला तीच सोळा नावं लिहून लिहून मला ती पाठ झाली होती.

ही कप्तान दवाखान्यात नर्स होती. सगळ्या तिला सिस्टर म्हणत आणि मैदानावरही ती इंजेक्शन देतानाच्या आवाजात बोलायची. गोलमध्ये उभी राहायची ती बेकरीत काम करणारी दांडगी बाई. तिचं नाव पडलं होतं भिंत.

अशा आमच्या संघात गेल्या महिन्यात भिंगरी आली.

ती लाँड्रीचे कपडे सायकलवरून घरोघर पोचवायची. वय एकोणीस. पहिल्याच दिवशी तिने चेंडू स्टिकला असा चिकटवून नेला की मधल्या चौघीजणी ती गेली त्या दिशेला वळून बघत राहिल्या. भिंतीच्या दोन पायांतून तिने गोल केला. भिंत म्हणाली, "बाई गं, माझ्यात खिडकी कुणी पाडली?"

पण तिची दुसरी बाजूही लगेच दिसली. ती रोज उशिरा यायची. कारण विचारलं तर रोज नवं सांगायची, आणि चौकशी केली तर ते खरं निघायचं. मधल्या सुट्टीची संत्री ती खेळ सुरू होण्याआधी खाऊन टाकायची. चेंडू कोणाला द्यायची नाही. एका सराव सामन्यात तहान लागली म्हणून पंचाला न सांगता सरळ नळावर गेली आणि आमच्या दहाजणी तिला शोधत राहिल्या. आधीच्या दोन संघांनी तिला काढलं होतं. आखूड टोकाची जागा तिची कायमचीच झाली. इतरजणी तिथे आखडून बसत. ही मात्र मुद्दाम हेलकावे घ्यायची आणि सरावाला पाहुणी आल्यासारखी खूश दिसायची.

स्पर्धेसाठी सोळा नावं द्यायची होती. भिंगरीला घेतलं तर एक जुनी जाणार हे उघड होतं. शुक्रवारी सराव संपल्यावर टेलरताई लांबच्या कोपऱ्यात चेंडू वेचत होत्या आणि इथे माझ्यावर तिघांचा वाद पेटला.

"मला ती नको," सिस्टर म्हणाली. "गोल ती करेलही. पण रविवारी ती येईल का याचा विचार करत मी शनिवारभर बसू?"

"मागच्या मोसमात आपण किती गोल केले?" काकांनी विचारलं.

"तीन," भिंत म्हणाली. "त्यातला एक समोरच्यांनीच चुकून केलेला."

सिस्टर काकांकडे वळली. "काका, ती घेतली तर जाणार कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. जी कधी चुकली नाही तिला घरी बसवायचं आणि जी कधी वेळेवर आली नाही तिला हार घालायचा? मग उद्या बाकीच्यांनी तरी वेळेवर का यावं?"

काकांचा गुडघा हलत होता.

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला तिच्यात तुम्हीच दिसता. हा पाय दिसतो बाकाचा."

"दिसतो," काका म्हणाले. "मला एकदा काढलं, मग कोणी परत बोलावलं नाही. मी सुधारलो असतो की नाही, ते मलाही कधी कळलं नाही."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. मला तर काहीच सुचेना. एका टोकाला दहा वर्षांचं ओळखीचं वजन होतं, दुसऱ्या टोकाला ती वावटळ. मला दोघीही हव्या होत्या आणि फळी मात्र तेवढीच होती.

शनिवारी दुपारी तीन वाजता यादीचा छापील कागद आला. त्यावर स्पर्धेचा शिक्का होता, त्यामुळे कागद एकच, दुसरा मिळणार नव्हता. मैदानाच्या पलीकडच्या कचेरीच्या खिडकीत तो पाचच्या आत द्यायचा होता. नाही दिला तर मोसमभर संघ बाहेर. टेलरताईंनी नेहमीसारखी घडी माझ्या पायाखाली सारली आणि त्या चेंडू आणायला गेल्या. सिस्टर लिहायला बसली. पंधरा नावं भराभर उतरली. सोळाव्या जागी टेलरताईंचं नाव आलं. मग पेन थांबलं. काका शेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने एक आडवी रेघ त्या नावावरून गेली, इतकी दाबून की माझ्या लाकडापर्यंत उतरली. तिच्या खाली नवं नाव लिहिलं गेलं.

सिस्टरने कागदावर पाण्याची बाटली ठेवली. "टेलरताईंना मीच सांगेन," ती म्हणाली. "खेळ आटोपू दे." आणि ती मैदानात निघून गेली.

टेलरताई माझ्या पायाखालची घडी काढायला आल्या. बाटलीखालचा कागद त्यांना दिसला. त्या उभ्या राहिल्या. हातातली चेंडूंची जाळी त्यांनी खाली ठेवली नाही. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जाळी खाली ठेवली, बाटली उचलली, कागदाच्या चार घड्या केल्या, जुनी घडी काढून खिशात टाकली आणि नवी तिच्या जागी सारली. दहा वर्षांत त्यांच्या हातून झालेली ही पहिली चूक. मग त्या आपल्या भक्कम टोकाला येऊन बसल्या. मी हललो नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं बोलणं म्हणजे डुगडुगणं, आणि तेच त्यांनी बंद करून ठेवलं होतं.

साडेचारला शोधाशोध सुरू झाली. पिशव्या उलट्या केल्या. भिंतीने आपली पॅड झटकली. काका छपरामागे जाऊन गवत पाहून आले. टेलरताईही शोधत होत्या. त्या जिथे कागद नाही तिथेच शोधत होत्या.

पाचला पंधरा मिनिटं असताना भिंगरीची सायकल आली.

"तू उचललास का यादीचा कागद?" सिस्टर कडाडली.

"मी? मी तर आत्ता येतेय!"

"तीच तर तक्रार आहे तुझ्याबद्दल!"

भिंगरीने सायकल टाकली आणि गुपचूप आपल्या जागी बसली. बसल्यावर तिने सवयीने हेलकावा घेतला. मग पुन्हा एक घेतला.

"हा आज हलत का नाही?" ती म्हणाली.

त्या टोकाची एवढी ओळख दुसऱ्या कोणाला होती, मित्रांनो? ती वाकली, घडी ओढून काढली आणि उलगडली. शिक्का पाहिला. खोडलेली ओळ पाहिली, आणि तिच्या खालची. मग तिने मान वर करून टेलरताईंकडे पाहिलं. ताईंचा हात खिशात होता आणि खिशातला जुना कागद चुरगळल्याचा आवाज येत होता.

"सापडला," भिंगरी म्हणाली. "वाऱ्याने गेला असेल खाली."

"वारा चार घड्याही घालतो वाटतं," भिंत म्हणाली.

कोणी हसलं नाही. सगळ्या त्या घड्यांकडे बघत होत्या. या मैदानावर इतक्या सरळ घड्या घालणारं एकच माणूस होतं.

"मी घातला," टेलरताई म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत सापडू नये म्हणून घातला."

"अहो ताई, आपण सगळ्याच बाहेर गेलो असतो!" सिस्टरचा आवाज फुटला. "तुम्ही? तुम्ही असं करावं?"

"हो. मी." त्यांनी खिशातला कागद काढून माझ्यावर ठेवला. "नाव आहे तसं राहू द्या. तिचंच राहू द्या. पण कागद पोचवा आधी."

पाचला सहा मिनिटं होती. कचेरी पूर्ण मैदान ओलांडून, कुंपणाला वळसा घालून होती; त्या वाटेने सायकल जात नव्हती. सिस्टरने पलीकडे पाहिलं, मग आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं. काकांनी कागद भिंगरीच्या हातात दिला.

"हिच्या हातात?" सिस्टर म्हणाली. "वेळेवर?"

"पळ," काका म्हणाले.

ती गेली. सगळ्याजणी उठून कडेला उभ्या राहिल्या. मी एकटाच रिकामा राहिलो, पायाखाली काही नाही, आणि वाऱ्याने पत्रा वाजला तरी हलत होतो. इतकी तगमग मला त्या पहिल्या सामन्यातही झाली नव्हती.

ती परत आली ती चालत. उजव्या हाताची बोटं लाल झाली होती. "खिडकी लावत होता तो कारकून," ती म्हणाली. "मी हात घातला मध्ये. घेतला त्याने कागद." सिस्टरने तिचा हात धरला आणि बाटलीचं गार पाणी बोटांवर सोडत राहिली.

सोमवारी टेलरताई येतील का, हे मी रविवारभर घोकत होतो. त्या आल्या. अर्धा तास आधीच आल्या. पण भक्कम टोकाला बसल्या नाहीत. आखूड पायाच्या टोकाला जाऊन बसल्या आणि बाकीच्या येईपर्यंत एकट्या हिंदकळत राहिल्या. कोणी हसलं नाही. सिस्टर त्यांच्याशी बोलली नाही आणि त्यांच्याकडे पाठही केली नाही. भिंगरी आली, पाच मिनिटं उशिरा.

"सरका ताई, ही जागा माझी आहे."

"आज माझी आहे."

"मग मी कुठे बसू? नियम आहे ना तुमचा!"

ताई थोड्या सरकल्या. ती त्यांना खेटून बसली. दोघींचं वजन त्या टोकावर आलं आणि माझा आखूड पाय जमिनीला टेकला. पलीकडचा एक पाय अधांतरी राहिला, पण मी हललो नाही.

"चेंडू दुसरीला द्यायला शीक," टेलरताई पुढे बघत म्हणाल्या. "माझी जागा घेतली आहेस."

"शिकवा ना मग," भिंगरी म्हणाली.

काल सुतारकाका माझ्यापुढे मांडी घालून बसले. भिंत म्हणाली, "उरलेले तीन कापून टाका की, एकसारखे होतील." काकांनी मान हलवली. त्यांनी मापाच्या टेपने आखूड पाय मापला, एकदा नाही, तीनदा. लाकडाचा एक तुकडा तासला, पायाखाली लावून पाहिला आणि परत खिशात ठेवला. "मोसम होऊ दे," म्हणाले.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरात, वर्गात, मैदानावर काही डुगडुगत असेल तर ते बाहेर टाकण्याआधी एकदा खाली वाका आणि कुठला पाय किती आखूड आहे ते मापून बघा. आणि जे कधीच हलत नाही, त्याच्याही पायाखाली कधीतरी पाहत जा. दहा वर्षं टेलरताईंच्या पायाखाली कोणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आज पहिला सामना आहे. चारला सुरू होईल. पावणेचार झाले आहेत. टेलरताई आखूड टोकाला बसल्या आहेत, शेजारी एक जागा राखून. मांडीवर मधल्या सुट्टीची संत्री आहेत, पिशवीला पक्की गाठ मारलेली. त्या रस्त्याकडे बघत आहेत आणि त्यांचा गुडघा हलतो आहे. मीही हलतो आहे.

सायकलची घंटा अजून वाजलेली नाही.