अर्ध्या नावाची कळशी

पावणं, इचलकरंजीलाच निघालाय न्हवं? मग बसा की. एस्टीला अजून अर्धा तास हाय आन् चहा मी सांगितलाय. तवर एक गोष्ट सांगतो. गोड न्हाय. ऐकून डोसकं तापलं तर मला बोल लावू नका, माझं दोन महिनं झालं तापलेलंच हाय.

गोष्ट अंबूबाईची. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. नवरा गेल्यावर बाईनं म्हशी राखून दोन पोरं वाढवली. थोरला सम्राट, धाकटी निशिगंधा. निशिगंधाचं लगीन ठरलं, तशी रुखवतात मांडायला तांब्याची कळशी घेऊन अंबूबाई दिलदारकडं गेली. दिलदार म्हंजे भांड्यांवर नावं घालणारा. गावात त्याच्या अक्षराशिवाय ताट सापडायचं न्हाय. आन् माणूस एवढा भित्रा, की कोंबडा अंगावर आला तरी दुकान सोडून पळायचा.

कळशीवर ‘निशि’ एवढं उमटलं आन् दारात सम्राटची गाडी थांबली. मागं पोत्यात अकरा तलवारी. विजयसिंहदादा पंचायत समितीला उभं हुतं आन् सम्राट त्यांचा उजवा हात.

“कार्यकर्त्यांचा सत्कार हाय. सगळ्यांवर दादांचं नाव घाल. आधी ह्या.”

“सम्राटभाऊ, आक्काची कळशी हातात हाय...”

“कळशी काय पळून जातीया व्हय?”

दिलदारनं एक तलवार उचलली आन् हसाय लागला. “आक्का, मुठीवरचा वाघ बघा. एकच कान! दादांनी सस्त्यातला वाघ आणलाय.”

अंबूबाई पदर तोंडाला लावून हसली. सम्राट हसला न्हाय. त्यानं तलवारी जमिनीवर मांडल्या आन् मोबाईलवर फोटो काढला. “दादांना दावतो,” म्हणाला. “सवडीनं घाल रं बाबा,” म्हणून अंबूबाई कळशी घेऊन घरी आली.

चार दिवसांनी सम्राट नावं घातलेल्या तलवारी घेऊन गेला. त्याच सांजचं गावातले सगळे मोबाईल वाजले. तोच फोटो. खाली लिवलेलं, ‘दिलदारच्या दुकानात तलवारींचा साठा. आज त्याच्या दुकानात, उद्या तुमच्या दारात. जागं व्हा!’

झालं. पाण्याच्या पाळीपलीकडं ज्या गावात कधी भांडण न्हाय, तिथं धोंडुबाई उशाला मिरचीपूड घेऊन झोपाय लागली. आकाराम आन् दिलदार एकाच हिरीत पवायला शिकल्यालं, त्या आकारामनं दाराला दोन कड्या लावल्या. कुणाला भ्यायचं, तर कोंबड्याला भेणाऱ्याला! दुकानावर दगडं पडली. दिलदारची बायको खतिजा अंबूबाईच्या दारात आली. “आक्का, तुम्ही हुता की तिथं. एवढं एकदा चारचौघांत सांगा.”

अंबूबाईनं जेवताना पोराला धरलं. “फोटो तू काढलास.”

“आई, राजकारण हाय. माणूस भ्याला की मत देतो. निवडणूक झाली की सगळी इसरतील.”

“आन् दिलदार?”

सम्राट घास तसाच धरून म्हणाला, “तू बोललीस तर मी आत जाईन. पोलीस मलाच धरतील. बघ, पोटचा पोरगा पायजे का दिलदार.”

त्या पोराचा घास बाईला दिसत हुता आन् खतिजाचं तोंडबी. दोन दिवस बाईनं म्हशीच्या धारा काढल्या, पर तोंडातनं शबुद काढला न्हाय.

मग मारुतीच्या देवळाम्होरं सभा भरली. दादा गरजलं, “मी हाय म्हणून तुम्ही निवांत झोपताय!” आन् रक्षणाला म्हणून कार्यकर्त्यांच्या हातात तलवारी दिल्या, एक भ्यालेल्या आकारामच्याबी हातात. त्याच! एवढी मिजास, की लोकांना डोळंच न्हाईत असं धरून चालल्यालं. अंबूबाई उठली, सरळ आकारामकडं गेली आन् त्याच्या हातातली मूठ बघितली. वाघाला एकच कान.

“तुझा मोबाईल काढ. फोटोतला वाघ बघ. आता पात्यावर काय लिवलंय ते वाच. मोठ्यानं!”

आकारामनं मोबाईल बघितला, पातं बघितलं आन् वाचलं. “विजयसिंहदादांकडून सप्रेम भेट.”

“माझ्या पोरानं नेऊन दिल्या ह्या. मी तिथंच हुते. फोटोबी त्यानंच काढला. दिलदारनं नुस्तं नाव घातलंय!”

सम्राट मान खाली घालून हुबा. मला वाटलं, सुटलं आता. तर दादांनी माईक वढला. “बघा! आपल्या तलवारींपतोर ह्यांचा हात पोचला! शत्रू किती आत शिरलाय बघा!”

आन् पावणं, टाळ्या वाजल्या. टाळ्या! उजेड दावला तर दिव्यालाच चोर म्हणणारी माणसाची जात ही! भ्यायची गोडी लागली की माणूस खरं ऐकत न्हाय. एकट्या आकारामनं तलवार भुईवर ठेवली आन् मान खाली घालून घरी गेला.

दादा निवडून आलं. सम्राट आत गेला न्हाय, उलट युवा अध्यक्ष झाला. दिलदार मात्र बायकोला घेऊन रातोरात न्हवं, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत गाव सोडून गेला. एक माणूस आडवा आला न्हाय. त्यात मीबी हुतो. दिलदार आता इचलकरंजीत मेव्हण्याकडं राहतो आन् मागावर सूत जोडतो.

अंबूबाई अजून सम्राटला पत्रावळीवर वाढती. तो चिडला तर म्हणती, “ताटांवर दिलदारचं अक्षर हाय. शत्रूच्या ताटात कशाला जेवतोस?”

निशिगंधाचं लगीन येत्या सोमवारी हाय. मुरगुडात नाव घालणारं दुसरं हाईत, पर म्हातारी ऐकत न्हाय. म्हणती, ज्यानं सुरू केलं त्यानंच पुरं करायचं.

तर ही बघा, बाकाखाली ठेवल्याली कळशी. हा पत्त्याचा कागद. आमच्यापैकी कुणी त्याच्या दारात जायला तोंड उरलं न्हाय. तुम्ही परके हाय, तुम्हाला जमंल. तेवढी घेऊन जावा, आन् ‘निशि’च्या फुडं ‘गंधा’ घालून आणा की.