उरलेली सगळी ठिकाणे

गुरुजींनी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावरही त्यांनी त्या बिचाऱ्या विषयाची पाठ सोडली नाही. कोणाच्या नव्या घरी गेले की आधी खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात ते सांगायचे आणि मग समोर आलेले पाणी प्यायचे. शाळेतल्या मुलांनी त्यांचे नाव ‘होकायंत्र’ ठेवले होते. ते गुरुजींना ठाऊक होते, आणि वरवर रागावत असले तरी मनातून आवडतही होते. होकायंत्र चुकत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

म्हणून भाचीने जेव्हा आपल्या दुकानाच्या वेबसाइटवर कोणत्या गावाला किती शिपिंग लावायचे हे ठरवायला घेतले, तेव्हा गुरुजी खुर्चीतून जवळजवळ उडालेच.

भाची लहान मुलांसाठी लाकडी कोडी करायची. हत्ती, उंट, कासव. तुकडे जुळवले की प्राणी उभा राहायचा. फर्निचरच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून तिने शिंपीणबाईंच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली होती आणि तिथे करवत बसवली होती. माल जायचा कुरियरने, आणि कुरियरचे दर गावागणिक वेगळे.

“मामा, बाकी सगळं झालं. हे दरांचं तेवढं फार किचकट आहे,” ती म्हणाली. “मी हत्ती कापू की हे बघू?”

“भूगोल आहे ना हा? मग तू हत्तीच काप.”

गुरुजींची एक जुनी शिकवण्याची रीत होती. मैदानाच्या मधोमध एका पोराला उभे करायचे आणि सांगायचे, “तू म्हणजे आपलं गाव. आता बोल, तुझ्या पूर्वेला काय?” मग बाकीची पोरे नद्या, डोंगर, शहरे होऊन त्याच्या चहूबाजूंना उभी राहायची. ज्याला मध्ये उभे केले तो पोरगा दिशा जन्मात विसरत नसे. त्याच रीतीने गुरुजींनी टेबलावर नकाशा पसरला, आपल्या गावावर टाचणी रोवली आणि मुलांच्या कंपासपेटीतले कर्कटक घेऊन तिच्याभोवती वर्तुळे काढली. पहिल्या वर्तुळापर्यंत हलका दर, पुढे थोडा जास्त, त्यापुढे आणखी. मग पूर्वेपासून सुरुवात करून एकेका गावाचे नाव वेबसाइटवर भरायला बसले. वाडी म्हणून नाही, वस्ती म्हणून नाही, सगळी नावे. बोटे दुखली, पण चेहऱ्यावर असा काही तजेला आला की भाचीला वाटले, मामांनी चोरून हवापालट केला.

यादीच्या तळाशी वेबसाइटने आपणहून एक तयार ओळ ठेवली होती : ‘उरलेली सगळी ठिकाणे’. ती बघून गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“उरलेली म्हणजे? माझ्या वर्गात उरलेला म्हणून कोणी नव्हता.”

“असू द्या ना मामा ती ओळ. चुकून एखादं गाव राहिलं, तर त्यात जाईल.”

“राहिलं तर?” गुरुजींनी चष्म्यावरून असे पाहिले की भाची परत करवतीकडे गेली. ओळ उडाली.

एवढ्यावर थांबते तर ते गुरुजी कसले? यादीत नसलेल्या गावाच्या गिऱ्हाइकाला एक सूचना दिसे. तिची भाषा त्यांना लेचीपेची वाटली. त्यांनी ती स्वतः लिहून काढली : ‘आपण लिहिलेला पत्ता पुन्हा एकदा नीट वाचा. आम्ही या गावी माल पाठवत नाही. घाई करू नका.’

दुकान उघडले. डोंगरापलीकडच्या गावातून एक ऑर्डर आली, बंदरावरून एक आली. दर ऑर्डरीला गुरुजी कुठले गाव, कुठल्या वर्तुळात, हे मोठ्याने जाहीर करत. फक्त आपल्या गावातून काही म्हणता काही येईना. ‘पहिली ऑर्डर माझी’ असे ज्यांनी ज्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले होते, ते सगळे मूग गिळून बसले. खुद्द शिंपीणबाई, जिच्या मुलीला भाचीने कडेवर घेऊन हिंडवले होते, ती आता भाची दिसली की मान खाली घालून शिवण मारायला लागे.

चार दिवस भाची नुसती हत्ती कापत राहिली. पाचव्या दिवशी कानस खाली ठेवून म्हणाली, “कंपनीतून फोन आला होता. जागा रिकामी आहे म्हणाले, शनिवारपर्यंत सांग. मी हो म्हणणार आहे.”

“अगं, पण ऑर्डरी येतायत की!”

“परक्यांच्या. माझ्या माणसांना माझं काम आवडलं नाही मामा. तोंडावर गोड बोलले, झालं. इथेच राहून रोज त्यांची तोंडं बघत हत्ती कापायचे? त्यापेक्षा कंपनीत कपाटं बरी. कपाटाचं कोणी खोटं कौतुक करत नाही.”

गुरुजींना मनापासून वाईट वाटले. पण वाईट वाटले की त्यांच्या तोंडून पाठ सुरू होई, त्याला इलाज नव्हता. “पिकतं तिथं विकत नाही, पोरी,” ते म्हणाले, आणि मनुष्यस्वभाव, धीर, दूरदृष्टी यांवर इतके सुंदर बोलले की बोलता बोलता त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. भाची ऐकून घेऊन उठली आणि तिने कोपऱ्यातली रिकामी खोकी काढून त्यांत हत्यारे भरायला सुरुवात केली.

शुक्रवारी गुरुजी दाढी करायला गेले. सलूनवाला त्यांचा जुना विद्यार्थी. एरवी तो गुरुजींना बघितले की खुर्ची झटकून द्यायचा. आज त्याने नुसते बोट दाखवले. फेसही जरा जोरातच फासला.

“काय रे, अबोला का?”

“आम्ही कशाला बोलू? तुम्ही मोठी माणसं. तुमचा माल डोंगरापलीकडे जातो, समुद्राकाठी जातो. आमच्यासारख्यांच्या पोरांनी हत्तीशी खेळायचं म्हणजे काय!”

“अरे, मग घे की! कोणी धरलंय?”

सलूनवाल्याने वस्तरा मानेपासून अंमळ दूर नेला, हे त्याचे उपकारच. “घेऊ? तीनदा पत्ता लिहिला गुरुजी. तीनदा मला सांगितलं, पत्ता नीट वाच, घाई करू नकोस. बायकोला विचारलं, अगं आपण राहतो कुठं? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तरी इथंच! शिंपीणबाईंचंही तेच. अर्ध्या गल्लीचं तेच. माल नसेल द्यायचा तर नका देऊ, पण वर तोंडाला फेस लावल्यासारखा अपमान कशाला?”

गुरुजींना सलूनच्या आरशात एक म्हातारा दिसला. अर्धा पांढरा, अर्धा लाल. त्याच्या डोळ्यांसमोर टाचणी उभी राहिली. टाचणीच्या पूर्वेची सगळी गावे त्याने लिहिली होती. पश्चिमेची, दक्षिणेची, उत्तरेची लिहिली होती. आणि टाचणीखाली काय होते? मैदानात मध्ये उभ्या केलेल्या पोराला त्याने चाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते, ‘आणि तू स्वतः कुठे आहेस?’

घरी येताना गुरुजींच्या मनात एक मोह आला, आणि तो चांगला सुबक होता. गुपचूप गावाचे नाव भरायचे. ऑर्डरी येतील, भाची खूश होईल. वर म्हणता येईल, ‘बघ, मी सांगितलं नव्हतं, धीर धर?’ होकायंत्राला ओरखडाही पडणार नाही. वळणावर येईपर्यंत त्यांनी ते वाक्य दोनदा घोळवूनही पाहिले. मग लक्षात आले की भाचीला ऑर्डरी नकोच होत्या. आपली माणसे खोटी निघाली की काय, हा काटा तिला सलत होता. तो यादीत एक ओळ भरून निघणार नव्हता.

ते घरी न जाता तसेच दुकानामागच्या खोलीत गेले आणि दारातूनच म्हणाले, “तुझी माणसं खोटी नाहीत. मी गाढव आहे.”

भाचीने सगळे ऐकले. गुरुजींना वाटले, ती हसेल. ती हसली नाही. “मी सांगितलं होतं ती ओळ ठेवा म्हणून,” ती हळूच म्हणाली, आणि हळूच म्हणाली म्हणून ते जास्त लागले. “आठ दिवस मी त्या बाईकडे बघितलं नाही मामा. तिची पोरगी हाक मारत आली तरी.” एवढे बोलून ती बाहेर गेली. जाताना म्हणाली, “कशालाही हात लावू नका.”

गुरुजींनी हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले. पुढच्या दुकानातले शिवणयंत्र थांबले. आधी काहीच ऐकू येईना. मग दोन बायकांचा आवाज एकदम चढला, तो भांडणाचा की कसला हे भिंतीतून कळेना. मग कोणीतरी रडल्यासारखे वाटले. मग एकदम खो खो हसणे, आणि त्यात ‘होकायंत्र’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला.

दोघी आत आल्या तेव्हा दोघींची नाके लाल होती.

“काय गुरुजी,” शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आम्ही आहोत का नकाशात? का मी शिवणयंत्र घेऊन डोंगरापलीकडे जाऊ?”

“चुकलो बाई.”

“चुकलात तर चुकलात. पण आम्हाला पत्ता वाचायला लावलात, ते काय म्हणून?”

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. कंपनीचा होता. ती खिडकीशी गेली.

“हो, मीच बोलतेय... नाही, उद्यापर्यंत थांबायला नको... नाही, मला नाही जमणार. इथं काम आहे.” जरा ऐकून ती म्हणाली, “हो, हो, विचार करूनच.” फोन खिशात टाकून तिने खोक्यातली करवतीची पाती बाहेर काढायला सुरुवात केली. मामांकडे तिने अजून धड पाहिले नव्हते.

अशा वेळी काहीतरी चार शहाणपणाचे शब्द बोलावेत, असे गुरुजींना फार वाटले. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडले...

“गुरुजी, पाय वर घ्या,” शिंपीणबाई केरसुणी घेऊन म्हणाली, “भुसा झाडायचाय.”

गुरुजींनी पाय वर घेतले.