चिचेच्या रांजणाची भट्टी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, निदान होतो. आता मला कोणी रांजण म्हणत नाही आणि खरे सांगायचे तर त्यातच मला बरे वाटते.

वायकुली गावच्या कुंभारांनी मला घडवले. माणसाच्या छातीइतका उंच, रुंद तोंडाचा. इलारियाच्या आईने मका देऊन मला घेतले आणि पुढे लेकीला दिले. इलारिया माझ्यात चिचा, म्हणजे मक्याची दारू, आंबवी. मोड आलेला मका दळून, शिजवून, गाळून माझ्यात ओतला की काही दिवसांनी मी आतून बुडबुडू लागे. मग चिचा विकायला तयार असल्याची खूण म्हणून ती दारावरच्या काठीला पांढरे फडके बांधी आणि सारी आळी अंगणात जमे. "अशी चिचा दुसऱ्या रांजणात होतच नाही," असे लोक म्हणत. मी फुगून जाई.

माझ्यातले सर्वांत जास्त प्यायला तो तिचा नवरा, फेर्मीन. त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, नेल्वाच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाड चर्चच्या पायऱ्यांवर खोळंबले होते आणि वधूपिता माझ्याशेजारी पालथा पडला होता. नेल्वा पांढरा झगा चिखलात ओढत आली.

"बाबा, उठा ना. आजचा दिवस तरी!"

तो उठला नाही. ती मामाचा हात धरून चर्चमध्ये गेली आणि शहरात सासरी गेली ती पुढे कितीतरी दिवस फिरकलीच नाही. माझे तोंड आभाळाकडे उघडे होते. ते कुठे लपवावे मला कळेना.

त्या दिवसापासून फेर्मीनने पिणे सोडले. इलारियाने दारावरची काठी उपटून टाकली. पण आईचा रांजण फोडायला तिचा हात धजेना. नळाचा भरवसा नव्हता, म्हणून तिने मला राखेने घासले, गरम पाण्याने धुतले आणि माझ्यात पिण्याचे पाणी भरले. पण चिचा माझ्या अंगात मुरलेली होती. शेजारची तोमासा एक घोट घेऊन खिदळली, "काय ग इलारिया, हे पाणी म्हणायचं? चोरून धंदा चालू दिसतोय!"

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. इलारियाने मान खाली घातली.

एका दुपारी फेर्मीन तांब्या घेऊन आला. त्याने झाकण काढले, पण पाणी घेतले नाही. माझ्या तोंडात तोंड खुपसून तो नुसता वास घेत राहिला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"प्यायलास?" मागून इलारियाने विचारले.

"नाही. पण हा मला बोलावतो ग. पाण्यातूनसुद्धा बोलावतो."

तिने पहार उचलली. "हो बाजूला. तुकडेच करते मेल्याचे."

"तुझ्या आईचा आहे तो."

"म्हणून काय नवरा गिळू देऊ त्याला?"

फेर्मीनने तिच्या हातातली पहार काढून घेतली. मग म्हणाला, "आडवा पाडू याला. पावाची भट्टी करू. वास काय, जळेलच."

त्यांनी मला आडवे केले, धूर जायला पाठीला भोक पाडले आणि वरून चिखल-पेंढ्याचा जाड थर दिला. पहिला जाळ पेटला तेव्हा माझ्या अंगातला सगळा आंबूस वास आळीभर पसरला. तोमासा भांडे घेऊन धावत आली, "अगं, फडकं कुठंय?" काय जळते आहे ते सगळ्यांना कळले. मी तिथेच तडकून जावे असे मला वाटले. पण फेर्मीन घरात गेला नाही. साऱ्या आळीसमोर उभा राहून, डोळे पुसत, तो लाकडे घालत राहिला.

सुरुवातीचे पाव करपले. हळूहळू त्याचा हात बसला.

मृतांच्या सणाला घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाव ठेवतात; तसा आपल्या आजीच्या, इलारियाच्या आईच्या, नावाचा पाव ठेवायला नेल्वा आली. ती फाटकाशीच थांबली. फेर्मीनने माझ्यातून ताजा पाव काढला, फडक्यावर ठेवून तिच्यापुढे धरला. मान वर करायची त्याची छाती होईना. तिने तुकडा मोडला, फुंकला, सावकाश खाल्ला.

"मीठ कमी पडलंय, बाबा," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा दुसरे काम देऊन पाहा. आणि तिच्या अंगाला जुना वास येत असेल, तर हसू नका. तो तिला तुमच्याआधी येत असतो.